'न्हाय'मधला 'न'

माझं काम ऐकायचं. बोलायचं काम बाकीचा जिल्हा करतो आणि अगदी घसा ताणून करतो. पोलिसांच्या वायरलेसवर मी लागले तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, आता लेक कॉलेजात आहे. एवढी वर्षं कानाला हेडफोन लावून बसल्यावर माणसाला दुसरं काही येत नाही. घरी मात्र मी कुणाचं ऐकत नाही, असं नवऱ्याचं म्हणणं आहे, आणि ते म्हणणंही मी ऐकून घेत नाही.

पूर्वी आमच्याकडं जुने सेट होते. एकच चॅनल आणि त्यावर सगळा जिल्हा. आजऱ्याचा हवालदार खोकला तर शाहूवाडीला कळायचं. खरखर असायची, पण आवाज माणसाचा यायचा. कोण दमलाय, कोण जेवलेला नाही, कोण साहेबांवर डाफरून आलाय, सगळं त्या 'हॅलो कंट्रोल'मध्येच कळायचं. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू.

मग नवी यंत्रणा आली. डिजिटल, आणि वर 'ट्रंकिंग'. ती समजावून सांगायला आलेला इंजिनिअर बाहेरगावचा होता, फळ्यावर नुसते बाण काढत होता. शेवटी आमच्या एका हवालदारानंच सोपं करून टाकलं. म्हणाला, "ष्टँडवर कसं, पाटी काय बी असू दे, मोकळा फलाट गावंल तिथं गाडी लागती. तसंच हाय की हे." इंजिनिअर म्हणाला, अगदी बरोबर. मोकळा चॅनल कॉम्प्युटर शोधतो, आपण फक्त आपल्या गटाशी बोलायचं. ट्रॅफिकवाल्यांचा एक गट, पन्हाळ्याच्या बाजूचा एक, कागलच्या बाजूचा एक, असे कितीतरी. एका गटाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही. बाहेरच्याला तर नाहीच नाही, आणि जाऊही नये, लोकांची दुखणी असतात त्यात.

पण कुणीतरी सगळ्यांचं ऐकायला पाहिजे की. ते मी. माझ्या टेबलावर स्कॅनर आहे, आम्ही त्याला 'फिरता' म्हणतो. तो एका गटावरून दुसऱ्या गटावर हिंडत राहतो, कुणी बोलत असेल तिथं थांबतो, बोलणं संपलं की पुढं. इकडची गोष्ट तिकडं कळवायची असेल तर ती माझ्या कानातनं जाते. या फिरत्याला एक खोड आहे. कुणी बोलायला लागल्यावर तो तिथं पोचतो, म्हणजे अर्धा श्वास उशिरा. पहिलं अक्षर हमखास निसटतं. सुरुवातीला त्याचं काही वाटलं नाही. 'ळंबा' ऐकू आलं की कळंबा समजायचं. 'कसबा' तर आमच्याकडं कितीतरी गावांच्या पुढं लागतो, तो गेला तर गेला.

मी राहते ती कसबा बावड्यात. कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला नव्या इमारती झाल्यात, त्यातल्या एकीत. माहेर कोडोलीचं, शेतीवाडी आणि म्हशींचं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात, त्यांना अख्खी इमारत गुरुजी म्हणते. त्यांच्या बायकोला मी आक्का म्हणते. त्यांची लेक दवाखान्यात नर्स आहे, जावई बँकेत. चौघं एकत्र राहतात. जिन्यात भेटले की ते जयभीम म्हणतात, मीही जयभीम म्हणते, आणि आक्का लगेच विचारते, आज कुणाला धरलं? मी काही सांगत नाही. मग ती म्हणते, "पोलिसाच्या शेजारला ऱ्हाऊन काय फायदा म्हणायचा?"

गुरुजींचं विसरणं आधी चष्म्यापासून सुरू झालं. मग रस्ता, मग दिवस. एकदा त्यांनी लेकीलाच विचारलं होतं की, तुम्ही कुणाच्या घरच्या? ती नर्स असून त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन हमसून रडली. एवढं विसरले तरी सदऱ्याच्या खिशाला पेन अडकवल्याशिवाय ते हॉलमध्येही बसायचे नाहीत. त्यांच्या डोक्यात शाळा चालूच होती. दोनदा ते सकाळी आंघोळ करून "शाळेला उशीर झाला" म्हणत दाराशी उभे राहिले होते. पहिली नोकरी त्यांची कोडोलीच्या बाजूला झाली होती, त्यामुळं त्यांना कोडोलीचीच गाडी पकडायची असायची.

गळीत हंगाम चालू झाला होता. बावड्याच्या रस्त्यावर ऊस भरलेले ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. दुपारी आक्काचा जरा डोळा लागला आणि गुरुजी बाहेर पडले. साडेतीनला त्यांच्या लेकीचा मला फोन आला. मी ड्यूटीवर होते.

"ताई, बाबा न्हाईत घरात. सगळीकडं बघितलं. आणि पायात एक त्यांची तपकिरी चप्पल घातलीया, एक ह्यांची काळी."

तिचा आवाज अगदी सपाट होता. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसा. मला ट्रॅक्टर दिसायला लागले. रस्ता ओलांडायला थांबतील का, ट्रॉली दोन आहेत हे त्यांना कळेल का, हेच डोक्यात. ठाण्यात तक्रार द्यायला नवऱ्याला पाठव म्हणाले आणि सगळ्या गटांना संदेश दिला: वय सत्तरीच्या पुढं, पांढरा सदरा, खिशाला पेन, पायात दोन तऱ्हेच्या चपला, स्मरण कमी. फोटोही मोबाइलवर फिरला. पण घाईत लेकीनं पाठवलेला फोटो निवृत्तीच्या सत्काराचा होता. डोक्याला हा एवढा फेटा, गळ्यात हार. त्यावरनं त्यांना मी तरी ओळखलं असतं का, शंकाच आहे.

कोडोलीचं त्यांचं वेड माहीत होतं म्हणून कोडोली ज्यात येते त्या पन्हाळ्याच्या गटाला मी पुन्हा पुन्हा सांगत होते. पावणेपाचला त्या गटावर कोडोलीच्या हवालदाराला त्याच्या साहेबांनी विचारलं, "बावड्याचं गुरुजी गावलं का?" तेवढ्यात ट्रॅफिकवाला कुणीतरी एक शब्द बोलला, फिरता तिकडं पळाला, आणि परत आला तोवर हवालदाराचं उत्तर सुरू झालेलं होतं. माझ्या कानात पडलं ते असं:

"हाय. ष्टँडवर बघून आलो."

यात शंका घ्यायला काय होतं, तुम्हीच सांगा. माणूस आहे, स्टँडवर आहे, हवालदार डोळ्यांनी बघून आलाय. माझा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी केलं नाही ते केलं. उलट विचारणा केली नाही, फोटो मागवला नाही. मोबाइल उचलला आणि गुरुजींच्या लेकीला फोन लावला.

"गावले. कोडोलीच्या स्टँडवर आहेत."

पलीकडं नुसता रडण्याचा आवाज. मग आक्काचा आवाज, मग पुन्हा लेक, "ताई, तुमचे उपकार..." मी म्हटलं, उपकार कसले गं, बघ आता चहा टाक. जावई मोटरसायकलवरनं शिये फाट्याला शोधत होता, तो तिथनंच कोडोलीला वळला. गुरुजींचे दोन पुतणे नदीच्या बाजूला हिंडत होते, ते घरी परतले. म्हणजे माझ्या एका वाक्यानं शोध थांबला. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या बाईकडं बघून हसत होते.

साडेपाच वाजले तरी जावयाचा फोन नाही, तेव्हा मी कोडोलीला थेट विचारलं, "गुरुजींना गाडीत बसवलं का?"

"कुठलं गुरुजी?"

"बावड्याचे. स्टँडवर बघून आलो म्हणालात की."

"बघून आलो म्हंजे हुडकून आलो, मॅडम. न्हाय म्हनलं की मी."

नव्या यंत्रणेत सगळं बोलणं साठवलेलं असतं. मी ते काढून ऐकलं. एकदा नाही, चारदा. हवालदाराचा आवाज लख्ख होता. "न्हाय. ष्टँडवर बघून आलो." त्या 'न्हाय'मधला 'न' तेवढा माझ्यापर्यंत पोचला नव्हता. पुण्यामुंबईचा माणूस असता तर 'नाही' म्हणाला असता, त्याचं पहिलं अक्षर गेलं असतं तरी 'ही' उरलं असतं आणि मी थबकले असते. आमच्या बोलीत 'न' गेला की नकारच जातो. आणि उलटं कधी होत नाही. हे यंत्र 'न्हाय'चं 'हाय' करतं, 'हाय'चं 'न्हाय' करत नाही. त्यात चूक झालीच तर आशेच्या बाजूनं होते. नंतर मला यात जरा गंमत वाटली, त्या दिवशी नाही.

माती खाल्ली होती मी. यंत्राला कशाला नावं ठेवू? खोड माहीत असून मी विचारलं नाही, कारण मला 'हाय'च ऐकायचं होतं.

फोन लावायला पाच मिनिटं घेतली. उचलल्याबरोबर लेक बोलायला लागली. "ताई, किती वेळात पोचतील? आईनं भात टाकलाय. आमटी पण त्यांच्या आवडीची केलीया, शेवग्याची."

मी म्हटलं, "ऐक. चूक झाली माझी. गावले नाहीत. मी चुकीचं ऐकलं."

तिकडं कुकरची शिट्टी झाली, ती मला ऐकू आली. मग लांबनं आक्काचा आवाज आला, "काय म्हणत्या गं ती? कुठवर आल्यात?"

आणि लेक तिला म्हणाली, "वाटेत आहेत, आई. जरा वेळ लागंल म्हणत्यात."

मग मला, त्याच सपाट आवाजात, "बरं ताई. ठेवते." फोन बंद.

त्यानंतरचे दीड-दोन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. माझी ड्यूटी सहाला संपत होती, मी उठले नाही. जावयाला फोन केला. तो कोडोलीच्या स्टँडवर प्रत्येक गाडेवाल्याला विचारत उभा होता. मला तो काही वाईट बोलला नाही, नुसतं "अस्सं" म्हणाला. पुतण्यांना लेकीनंच काहीतरी कारण सांगून परत नदीकडं पाठवलं होतं. साहेबांना मी स्वतःहून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी माणूस हुडका, मग तुमचं बघू." बाहेर अंधार पडला. मी फिरत्याचा आवाज वाढवला आणि डोळे मिटून बसले. जो बोलेल त्याच्या पहिल्या अक्षराला धरायचं, एवढं एकच काम.

सातच्या सुमाराला कागलच्या गटावर एमआयडीसी चौकीचं कुणीतरी हसत बोलत होतं. फिरता पोचला तेव्हा कानात पडलं, "...गणनेचं सायेब अजून गेटवरच बसल्यात. घरला जावा म्हनलं तर जात न्हाईत."

गणनेचे साहेब. जनगणना त्या दिवसांत कुठंच चालू नव्हती. आणि जनगणनेला घरोघर कोण जातं? शाळामास्तर. पण या खेपेला मी फोनला हात लावला नाही. त्या गटावर बोलले.

"एमआयडीसी चौकी, कंट्रोल बोलतेय. त्या साहेबांच्या खिशाला पेन आहे?"

"हाय."

"हाय का न्हाय? दोनदा सांगा."

"हाय, हाय. खिशाला न्हाय, हातात हाय. लिवत्यात."

"पायात काय आहे?"

तिथं तो वॉकीटॉकी घेऊन बघायला गेला असावा. वेळ लागला. मग म्हणाला, "चपला हायत मॅडम. एक तांबूस, एक काळी. हे आमच्या ध्यानातच आलं न्हाय बघा."

मी म्हटलं, फोटो पाठवा. आत्ता. आणि त्यांना तिथनं हलू देऊ नका.

फोटो आला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर, वॉचमनच्या खुर्चीत गुरुजी बसलेले. पुढ्यात गेटचं रजिस्टर, हातात पेन, आणि समोर शिफ्ट सुटलेल्या कामगारांची रांग. नंतर कळलं ते असं. दुपारी बावड्याच्या कोपऱ्यावर कंपनीची बस कामगार घ्यायला थांबते. गुरुजी रांगेत उभे राहिले आणि बसले. कुणाचे तरी वडील असतील म्हणून कुणी हटकलं नाही. गेटवर वॉचमननं विचारलं तर म्हणाले, जनगणनेला आलोय. आवाज असा की वॉचमननं उठून खुर्ची दिली आणि चहा मागवला. मग संध्याकाळपर्यंत ते येईल त्याला नाव, गाव, घरात माणसं किती, असं विचारून रजिस्टरात लिहीत होते. सगळ्यांनी नीट उत्तरं दिली होती. ते रजिस्टर मी पुढं पाहिलं. अक्षर मोत्यासारखं, एक ओळ वाकडी नाही.

फोटो मी लेकीला पाठवला आणि मग फोन केला. म्हटलं, "आधी बघ, मग बोल. मी काही सांगत नाही."

तिनं फोटो बघितला. मग म्हणाली, "चपला त्याच आहेत." आणि मग तिचा तो सपाट आवाज फुटला.

चौकीची जीप साडेआठला त्यांना घरी घेऊन आली. मी तोवर पोचले होते. गुरुजी उतरले ते रागात होते, एका पानाचं काम राहिलं म्हणून. आक्कानं भात दोनदा गरम केला होता. ते जेवायला बसले आणि मी तिथंच, पोलिसाच्या वर्दीत, भिंतीला टेकून रडले. आक्का म्हणाली, "आता गं काय झालं तुला? आलं की माणूस."

पुढं साहेबांनी मलाच बसवून सगळ्या गटांना सूचना काढायला लावली: नकार द्यायचा तर पूर्ण वाक्यात द्यावा. पूर्ण वाक्य कोण बोलतंय इथं! पण पोरांनी आपला मार्ग काढला. आता आमच्या वायरलेसवर कुणी नुसतं 'न्हाय' म्हणत नाही, 'न्हाय न्हाय' म्हणतात. पहिला यंत्राला, दुसरा मॅडमला, असं माझ्या तोंडावर बोलतात आणि हसतात. मी हसू देते. परवा नवऱ्याला विचारलं, भाजी आणली का, तर तोही म्हणाला, न्हाय न्हाय.

जावई मात्र माझ्याशी अजून मोजकंच बोलतो. त्याचं बरोबर आहे. तासभर तो चुकीच्या गावात उभा होता, आणि त्या तासात काहीही होऊ शकलं असतं.

लेकीची मी माफी मागितली ती जिन्यात, आठ-दहा दिवसांनी. ती दवाखान्यातनं येत होती, हातात भाजीची पिशवी. म्हणाली, "ताई, तुम्ही परत फोन केलात तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. पण आई आत लसूण ठेचत होती. बाबांना ठेचलेलाच लागतो म्हणत होती. तिला काय सांगू? सांगितलं असतं तर दोघी रडत बसलो असतो. म्हटलं, घरात एका माणसाला तरी माहीत असू दे की ते येणार आहेत."

म्हणजे ते दोन तास ती एकटी, स्वयंपाकघरात आईच्या शेजारी, 'वाटेत आहेत' म्हणत उभी होती. आणि आक्काला तिनं आजवर सांगितलेलं नाही. मीही नाही.

गुरुजी आता माझ्यावर खूश असतात, का ते त्यांना आठवत नाही. त्यांच्या खिशात पेनाबरोबर लेकीच्या फोन नंबरचं कार्ड असतं. मी गेले की घरात माणसं किती म्हणून विचारतात, मी तीन सांगते, ते मान डोलावतात. आणि आक्का, आज दोन वर्षं झाली तरी, चहा देता देता मला झापल्याशिवाय राहत नाही.

"कोडोलीला गावलेला माणूस कागलावरनं फिरवून आणत्यात व्हय गं? अर्ध्या तासाच्या वाटंला चार तास? भात गार झाला की माझा."

लेक ओट्याकडं तोंड करून उभी असते. तिची पाठ मला दिसते, ती हलत नाही.

"चुकलं आक्का," मी म्हणते. "खरंच चुकलं आमचं."